कुलाबा टर्मिनस: भरावाने आणलेलं आणि भरावानेच नेलेलं स्टेशन

कफ परेडला बधवार पार्क नावाची रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. मुंबईतल्या सगळ्यात महाग जमिनींमध्ये हिची गणती होते. पण या वसाहतीच्या आसपास लोकलचे रूळ कुठेच दिसत नाहीत. लोकल पकडायची तर चर्चगेट गाठावं लागतं आणि ते चांगलं दोनेक किलोमीटरवर आहे. मग रेल्वेची माणसं इथे कशी काय राहायला आली?

कारण ही जागा रेल्वेचीच होती. इथे कुलाबा टर्मिनस उभं होतं. आजची पश्चिम रेल्वे चर्चगेटला संपते, तशी १९३० सालापर्यंत ती इथे संपत असे. चर्चगेट हे वाटेतलं एक स्टेशन होतं, गाडी तिथे थांबून पुढे ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने कुलाब्याला जाई. ३१ डिसेंबर १९३० नंतर हा शेवटचा तुकडा बंद झाला, रूळ उखडले गेले, इमारत पाडली गेली.

स्टेशन बंद होतं ते प्रवासी नसल्यामुळे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कुलाब्याची गोष्ट तशी नाही. इथे सगळा खेळ जमिनीचा आहे, आणि तीही समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या जमिनीचा.

सुरुवात थोडी मागून करू. मुंबईत दोन रेल्वे कंपन्या आल्या. पहिली जीआयपी, म्हणजे आजची मध्य रेल्वे. तिची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. दुसरी बीबी अँड सीआय, पूर्ण नाव बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. ही कंपनी उलट दिशेने आली. तिने काम गुजरातेत सुरू केलं आणि रूळ टाकत टाकत ती १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोडला पोचली. म्हणजे मुंबई गाठली खरी, पण फोर्ट, बंदर, पेढ्या आणि कचेऱ्या सगळं अजून काही मैल दक्षिणेला होतं. जीआयपीचं बोरीबंदर अगदी किल्ल्याच्या तोंडाशी आणि बीबी अँड सीआयचं ग्रँट रोड लांब. त्यात या कंपनीच्या डब्यांमधून जो माल येत होता, तो जायचा होता ग्रँट रोडच्याही पार दुसऱ्या टोकाला. तो माल म्हणजे कापूस.

कुलाबा हे मूळचं बेट. मुंबई आणि कुलाबा यांच्यामध्ये आणखी एक छोटं बेट होतं, आणि ओहोटीच्या वेळी लोक पाण्यातून चालत पलीकडे जात. भरतीचा अंदाज चुकला तर जीवावर बेतायचं. १८३८ साली बांध घालून रस्ता झाला, तोच कुलाबा कॉजवे. १८४४ मध्ये मुंबईचा कापूसबाजार फोर्टातून हलवून कुलाब्याला नेण्यात आला. आधी तो टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. गाठींचे ढिगारे, बैलगाड्या, उडणारा कापूस आणि आगीची भीती हे सगळं भर वस्तीत नको झालं होतं. तेव्हापासून हंगामात गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस कॉजवेवरून कुलाब्याकडे लोटू लागला. रहदारी इतकी वाढली की १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉजवे रुंद करावा लागला. गुजरातचा कापूस आणणाऱ्या रेल्वेला कुलाब्यापर्यंत जावंसं का वाटलं असेल, हे यावरून कळतं.

पण जायचं कुठून? ग्रँट रोडच्या दक्षिणेला गिरगावची दाट वस्ती, पुढे किल्ला, आणि पश्चिमेला सरळ समुद्र, बॅकबे. रेल्वेला सपाट आणि सलग पट्टा लागतो. वस्ती पाडायची नसेल तर एकच वाट होती, समुद्राच्या काठाकाठाने भराव टाकून जमीन करायची.

नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. एवढा पैसा आला की तो गुंतवायचा कुठे, हाच प्रश्न पडला. मग समुद्र बुजवून जमीन विकण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सगळ्यात गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. अजून समुद्रात दगडही नीट पडले नव्हते आणि तिच्या शेअरचा भाव कितीतरी पटींनी चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्यातलं सगळ्यात मोठं नाव. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि जुलैपर्यंत निम्मी मुंबई बुडाली. बॅकबे कंपनीही गेली. काठालगत जो काही भराव झाला होता, तो सरकारकडे आला आणि रेल्वेच्या कामी लागला. आज चर्नी रोडपासून चर्चगेटपर्यंत लोकल ज्या पट्ट्यावरून धावते, त्याच्या मुळाशी ही बुडालेली स्वप्नं आहेत. मला तरी मुंबईच्या इतिहासातला हा सगळ्यात विलक्षण योगायोग वाटतो. हजारो घरं धुळीला मिळवणाऱ्या सट्ट्यातून शहराला मिळाली एक रेल्वेची वाट.

या वाटेवर १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल आली. दिवसाला एकच फेरी होती, सकाळी विरारहून यायची आणि संध्याकाळी परत जायची. बॅकबे स्टेशन आजच्या मरीन लाइन्स-चर्चगेटच्या भागात होतं, ते पुढे राहिलं नाही. १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन आलं. मग रूळ कूपरेजच्या बाजूने कुलाब्याकडे सरकले आणि १८७३ पासून कुलाब्याला प्रवासी गाड्या जाऊ लागल्या. तिथली पहिली सोय तात्पुरती होती. पक्की, टर्मिनसला शोभेल अशी इमारत १८९६ मध्ये उभी राहिली. ज्या माणसांनी ही कंपनी उभी केली, त्यांतल्या दोघांची नावं आजही आपल्या तोंडी आहेत, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. ऑपेरा हाउसजवळचा फ्रेंच ब्रिज आणि केनेडी ब्रिज. कर्नल फ्रेंच आणि कर्नल केनेडी हे दोघेही बीबी अँड सीआयचे.

आता टर्मिनस म्हणजे काय, हे जरा नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मधल्या स्टेशनात गाडी येते, थांबते, निघते. तिला दोन फलाट पुरतात. टर्मिनसमध्ये रूळच संपतात. वाफेच्या काळात तर तिथे मोठा खटाटोप असे. गाडी आत आली की इंजिन पुढे, डबे मागे, आणि इंजिनासमोर भिंत. इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं, किंवा दुसरं इंजिन आणून जोडायचं. आलेल्या इंजिनाला पाणी भरायचं, कोळसा द्यायचा, राख काढायची, तोंड फिरवायचं. डबे धुवायचे, उभे करून ठेवायचे. मालगाड्यांसाठी वेगळे फाटे, गुदामं. या सगळ्याला जागा लागते आणि ती फलाटांपेक्षा कितीतरी जास्त लागते. म्हणजे कुलाबा स्टेशन ही नुसती इमारत नव्हती, त्याच्यामागे रुळांचं मोठं जाळं होतं. समुद्राला लागून, मुंबईच्या सगळ्यात मोक्याच्या टोकावर.

बंद होण्याआधीच्या काही वर्षांत हे स्टेशन मरणपंथाला लागलं होतं असं कोणी म्हणेल, तर ५ जानेवारी १९२८ ही तारीख पाहावी. त्या दिवशी पश्चिम मार्गावर विजेची लोकल सुरू झाली आणि ती कुलाबा ते बोरिवली अशी होती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला फ्राँटियर मेल सुरू झाली, मुंबईहून थेट पेशावर. तीही कुलाब्याहून. युरोपातून टपाल आणि प्रवासी घेऊन बोट येई, तेव्हा हीच गाडी बॅलार्ड पिअरवरच्या मोल स्टेशनातून सुटत असे. (तेही स्टेशन आज नाही, त्याची गोष्ट वेगळी.) देशातली सगळ्यात दिमाखदार गाडी आणि सगळ्यात आधुनिक लोकल या दोन्ही ज्या स्टेशनातून सुटत होत्या, ते स्टेशन त्यानंतर तीन वर्षंही टिकलं नाही.

मग बिनसलं कुठे?

एक तर कापूस हलला. मुंबईच्या पूर्वेला शिवडी-माझगावच्या बाजूला पोर्ट ट्रस्टने मोठी भरणी केली. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली, ती थेट गोद्यांना जोडलेली होती. १९२० च्या दशकात कापूसबाजार कुलाब्याहून तिकडे गेला. हार्बर मार्गावरचं कॉटन ग्रीन स्टेशन म्हणजे कुलाब्याहून गेलेल्या त्या बाजाराचा नवा पत्ता. ज्या मालासाठी रेल्वे कुलाब्यापर्यंत आली होती, तोच माल आता शहराच्या दुसऱ्या बाजूला उतरू लागला.

कुलाब्याच्या रहिवाशांना पर्यायही मिळाले होते. घोड्यांची ट्राम १८७४ मध्येच कुलाबा ते पायधुणी सुरू झाली होती, १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. आणि मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी निघाली ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. म्हणजे स्टेशन काढलं तर कुलाबा अगदीच तुटेल, अशी स्थिती राहिली नव्हती.

पण खरा घाव घातला तो बॅकबेच्या दुसऱ्या भरावाने. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. हे नाव मराठी माणसाला परकं नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी. वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी याच खात्याने बांधल्या. एकाच खात्याचे दोन उद्योग होते, एकीकडे गिरणगावात कामगारांच्या खोल्या आणि दुसरीकडे बॅकबेत धनिकांसाठी नवी जमीन. त्या काळी कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर लावून या खात्यासाठी पैसा उभा केला गेला, तेव्हा कुलाब्याचा कापूस अप्रत्यक्षपणे इथेही होताच.

योजना अवाढव्य होती. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्रात भिंत घालायची आणि आतले सुमारे ११४५ एकर भरून काढायचे. आठ ब्लॉक पाडले होते. बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा आणि मोठ्या नळांतून भिंतीच्या आत सोडायचा. अंदाज कागदावर उत्तम होते. प्रत्यक्षात ड्रेजरचं काम अंदाजाच्या खूप मागे राहिलं, आणि भरलेला मऊ गाळ दगडी भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च मात्र वाढत गेला. यात पाणी मुरतंय हे जाहीरपणे आणि पुराव्यानिशी सांगणारा माणूस म्हणजे वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शीद फ्रामजी नरिमन. त्यांनी विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांतून हा विषय लावून धरला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन त्यातून निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांची चौकशी समिती नेमली गेली आणि शेवटी योजना आवरती घ्यावी लागली. पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच ब्लॉक तेव्हा भरले गेले. मधले चार समुद्रातच राहिले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला फोर्ट आणि ओव्हल. पश्चिमेला नवी, कोट्यवधी रुपये ओतून केलेली जमीन. आणि दोन्हींच्या मध्ये चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत रेल्वे. जो रूळ एकेकाळी समुद्राच्या अगदी काठाने धावायचा, तो आता जमिनीच्या मधोमध आला.

रूळ मध्ये असले की काय होतं, हे पाहायला आजही फार लांब जायला नको. चर्नी रोड आणि मरीन लाइन्सच्या मध्ये उभे राहा. एका बाजूला चिरा बाजार, ठाकुरद्वार, जुनं गिरगाव. दुसऱ्या बाजूला जिमखान्यांची मैदानं आणि पलीकडे मरीन ड्राइव्ह. समुद्राचा वारा अंगाला लागतो, पण समुद्रावर जायचं तर पुलाचे जिने चढा, रूळ ओलांडा, उतरा, मग रस्ता पार करा. हातात लहान मूल असलेली बाई किंवा गुडघे दुखणारे आजोबा त्या जिन्यापाशी क्षणभर थांबतात, तो पूल किती उंच आहे याचा अंदाज घेतात. लोखंडी कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी शहरं वाटावीत इतका फरक आहे. ओव्हल आणि बॅकबेच्या मध्येही असंच झालं असतं. नवी जमीन विकून खर्च भरून काढायचा होता, आणि रुळांच्या पलीकडच्या जमिनीला भाव येत नाही. शिवाय टर्मिनसच्या यार्डाने स्वतःच केवढी जागा अडवली होती.

यात मालकीचाही एक धागा आहे. बीबी अँड सीआय १९०५ च्या अखेरीस सरकारने विकत घेतली होती. कारभार कंपनीकडेच ठेवला होता, पण मालक सरकार. त्यामुळे रेल्वेने मागे सरकावं असं सरकारने ठरवल्यावर अडून बसणारं फारसं कोणी नव्हतं.

मागे सरकणं शक्य कशामुळे झालं, हे मला या सगळ्यात सगळ्यात रंजक वाटतं. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. गाडी आली, मोटरमन एका टोकाने उतरला, दुसरा दुसऱ्या टोकाला चढला, गाडी निघाली. इंजिन सोडवणं नाही, पाणी-कोळसा नाही, फिरवणं नाही. म्हणजे लोकलच्या टर्मिनसला आता यार्डाची गरजच उरली नाही. चर्चगेटसारख्या अरुंद जागेत, चारच फलाटांवर, मिनिटामिनिटाला गाड्या आत-बाहेर करता येतात त्या यामुळेच. ज्या विजेच्या लोकलचं १९२८ मध्ये कुलाब्याने स्वागत केलं, तिनेच कुलाब्याची गरज संपवली.

राहिल्या लांब पल्ल्याच्या गाड्या. त्यांना यार्ड हवंच होतं. त्यासाठी उत्तरेला बेलासिस रोडपाशी नवं टर्मिनस बांधलं गेलं. आराखडा क्लॉड बॅटली यांचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं, काम २१ महिन्यांत पुरं. १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रलचं उद्घाटन झालं. मेल गाड्या तिकडे, लोकल चर्चगेटला. दोन आठवड्यांच्या आत कुलाबा टर्मिनस बंद.

पुढे काय झालं ते आपण रोज पाहतो. ओव्हलच्या पश्चिमेला, मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. १९३८ मध्ये चर्चगेटसमोर इरॉस सिनेमागृह आलं. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला. रूळ तिथेच असते तर ही रांग आज दिसते तशी उभी राहिली असती का, याची मला शंका आहे. तेव्हा १९३० चा निर्णय सरसकट चूक होता असं मी म्हणणार नाही.

पण पुढचा भाग विसरून चालत नाही. त्या काळी ही जमीन राहण्यासाठी म्हणून केली होती, प्रत्यक्षात तिच्यावर कचेऱ्या आल्या. १९५५ मध्ये सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, तिथेच उभं राहिलं. मग साठ-सत्तरच्या दशकांत समुद्रात राहिलेल्या ब्लॉकांचा भराव पुन्हा हाती घेतला गेला आणि नरिमन पॉइंट, कफ परेडचे टॉवर आले. (ज्या योजनेविरुद्ध नरिमन लढले, तिच्याच जमिनीला त्यांचं नाव मिळालं.) म्हणजे जिथून रेल्वे काढली, तिथेच राज्याचा कारभार आणि बँकांची मुख्य कार्यालयं नेऊन बसवली, आणि तिथे कामाला येणारी माणसं विरार-बोरिवलीहून लोकलनेच येत राहिली. लोकल त्यांना चर्चगेटला सोडायची. पुढे बससाठी रांग, शेअर टॅक्सीसाठी रांग, नाहीतर पायपीट. मंत्रालयात कामासाठी गावाहून आलेला माणूस भर उन्हात फाइल डोक्यावर धरून चालत जातो, ते अंतर म्हणजे बरंचसं जुन्या कुलाबा मार्गाचंच अंतर आहे. जमिनीची किंमत मोजणाऱ्यांनी या पायपिटीची किंमत कधीच हिशोबात धरली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि चर्चगेट, विधान भवन, कफ परेड अशी गाडी पुन्हा या भागात आली. या वेळी जमिनीखालून, कारण वर आता जागाच नाही. जवळपास ९५ वर्षांनी चर्चगेटच्या पुढे रूळ गेले.

माझी एक साधी मागणी आहे. कफ परेडच्या मेट्रो स्थानकात एका भिंतीवर १९३० च्या आधीचा या भागाचा नकाशा लावावा. त्यात बॅकबेचा जुना काठ दाखवावा, काठाने जाणारा रूळ दाखवावा, कुलाबा टर्मिनस कुठे होतं तिथे ठळक खूण करावी. आणि शेजारी विरारहून सुटणाऱ्या त्या १८६७ च्या गाडीची आणि १९२८ च्या कुलाबा-बोरिवली लोकलची माहिती द्यावी. मराठीत.